द्वारकेसाठी मांडलेला पाट

१

येसाजीच्या पडवीत पोथी लागली की तीन नियम असत. वाचणाऱ्याच्या समोर एक रिकामा पाट मांडायचा आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. त्या पाटाकडे पाय करून कुणी बसायचं नाही. आणि जो एकदा ऐकायला बसला त्याने समाप्ती होईपर्यंत गाव सोडून जायचं नाही, मग कुठं लग्न असो की मयत. रामाची पोथी असली की पाट मारुतीचा. रामाचं नाव निघेल तिथं मारुती येऊन बसतो, हे कर्जत टेसनापासून कोसभरावरच्या त्या गावात लहान पोरालाही माहीत होतं. त्यात भ्यायसारखं काही नव्हतं.

येसाजीला वाचता येत नव्हतं. हे मात्र गावात एकट्या सदूला माहीत होतं. उंदरांनी पोथीची मधली पानं कुरतडून खाल्ली त्या वर्षीसुद्धा येसाजीचं वाचन एका शब्दाला अडलं नव्हतं. म्हाताऱ्याने सगळं बापाकडून ऐकून पाठ केलेलं, आणि बोटाला थुंकी लावून पानं उगाच उलटायची. चाळीस वर्षं लोक त्याच्या पाया पडत आले ते या उलटण्यावर.

सदू त्याचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेलेले, वय वीस, सहावीतून शाळा सोडलेला. आज्ञाधारक मुलाचा धडा वाचताना त्याने शेवटी स्वतःची दोन वाक्यं घातली होती, मुलगा बापाला उलट प्रश्न विचारतो अशी. मास्तरांनी छडी मोडेस्तोवर मारलं आणि बजावलं, छापलंय तेवढंच वाचायचं. सदूने तिथल्या तिथं पाटी फोडली आणि घरी आला. आता तो टेसनावर कंदीलवाला होता. सकाळी सिग्नलचे कंदील उतरवायचे, काचा पुसायच्या, संध्याकाळी तेल घालून पुन्हा चढवायचे. मधली दुपार मोकळी.

प्लेग यायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. टेसनावरचा तारबाबू बदली होऊन जाताना सदूला एका मासिकाचे अकरा अंक देऊन गेला. त्यात एक कादंबरी तुकड्यातुकड्यांनी येत होती. पुण्यातलं मोठं घर, त्या घरातली सून द्वारका, आणि तिचे हाल. सदूने मळण्या उरकल्यावर पडवीत सहज दोन पानं मोठ्याने वाचली. तिसऱ्या दिवशी पडवीत जागा पुरेना.

येसाजीचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने गेलेच होते. आपली पडवी, आपले ऐकणारे, आणि वाचणारा हा शाळेतून पळालेला पोरगा, हे त्याला कसं सोसणार? त्याने जाहीर केलं की कागद छापाचा असला तरी माझ्या पडवीत वाचायचा तर पोथीसारखाच वाचायचा, आणि तिन्ही नियम लावले. शेजारचा चांगो गाडीवाला म्हणाला, "येसाजीबाबा, मारुती काय करनार हितं? द्वारकेच्या कहानीत तर मारुतीच नाय."

"मंग ज्याची कहानी त्याचा पाट," येसाजी म्हणाला.

लोक हसले. येसाजीच्या बायकोने, धोंडूबाईने, पाट धुऊन आणला आणि मांडला. द्वारकेसाठी.

त्या पहिल्या दुपारी ऐकायला दाराआड येसाजीची लेक जना बसलेली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती खालापुराकडच्या सासरहून एकटी चालत आली होती, डावा हात पदरात बांधून. हाड जोडलं ते वाकडंच जोडलं. नवरा जैतू न्यायला आला तेव्हा येसाजी लेकीला पाठवायला तयारच होता. "हात मोडला म्हनून कुनी संसार मोडतं काय?" असं त्याचं म्हणणं. तेव्हा सदू आडवा आला आणि चुलत्याचाच नियम त्याने चुलत्याच्या पुढ्यात ठेवला. जना ऐकायला बसलीय. समाप्ती झाल्याबिगर ती गाव सोडील कशी?

येसाजी अडकला. चारचौघांत त्याने जैतूला शब्द दिला की समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोरीला गाडीत बसवीन.

त्या दिवसापासून सदू हळू वाचू लागला.

२

हळू वाचायला लोकांचीच मदत होती. एकेका ओळीवर भांडण. द्वारकेची सासू दुष्ट की नुसती म्हातारी, यावर दोन दुपारी गेल्या. धोंडूबाईला द्वारका स्वतःच्या थोरल्या बहिणीसारखी वाटे. पुस्तकात कुठं नसलेली तिच्या गालावरची खळीही ती सांगायची. चांगोने द्वारकेवर दोन ओळींचं गाणं केलं आणि बैल हाकताना म्हणायला लागला, ते घाटाखालच्या चार गावांत पोचलं. एका पोरीने जात्यावरच्या ओवीत रामाला बाजूला सारून द्वारकेला बसवलं. सदूला हे सगळं फार आवडायचं. शाळेत सहा वर्षांत धड्यातल्या माणसाला कुणी आपल्या घरी नेलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

अकरावा अंक असा संपला. दिवस उतरताना द्वारका कळशी घेऊन परसात गेली. मागच्या दाराला कडी नव्हती. ती विहिरीच्या काठावर बसली आणि कळशी तिने मांडीवर घेतली. खाली छापलेलं, पुढे चालू.

बारावा अंक नव्हता. तारबाबू इगतपुरीच्या पलीकडे कुठं गेला होता, त्याचा पत्ता नव्हता.

सदूने हे कुणाला सांगितलं नाही. त्याने नुसतं विचारलं की काय वाटतं, पुढं काय होईल. येसाजी लगेच म्हणाला, उडी टाकनार. घरची अब्रू घालवून बसली, तिला दुसरी वाट हाय कुठं? हे तो जनाच्या दाराकडे तोंड करून म्हणाला. धोंडूबाई म्हणाली की ती आईकडं जाईल. चांगोचं म्हणणं, आगगाडीत बसेल आणि मंबईला जाईल, टिकिट न काढता. म्हातारे बहुतेक येसाजीच्या बाजूचे. स्वतःच्या सुनांनी दोन वेळा जेवायला वाढलेल्या पोटाने ते द्वारकेला विहिरीत ढकलत होते आणि वर हळहळत होते.

सदू तिथून उठला तो ठरवूनच. टेसनावरच्या कंदीलखोलीत जुन्या मालपावत्यांची कोरी पाठ होती, टाक होता, दौत होती. शहरातल्या लेखकाला द्वारकेचं काय करायचं ते करू दे. इथली द्वारका इथला माणूस लिहील.

३

सदूने लिहिलं, द्वारका काठावरून उठली. कळशी तिने तिथंच ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

वाचताना तो पावती जुन्या अंकाच्या पानांत धरायचा. येसाजीला दिसत नव्हतं आणि बाकीच्यांना अक्षर येत नव्हतं. लोक पुढं सरकून ऐकत होते. येसाजीने एकदा घसा खाकरला. सदूला आपला आवाज स्वतःलाच मोठा वाटला. पोथी चुलत्याने पाठ केली. ही गोष्ट आपण केली. आता ही कधी संपायची ते आपण ठरवणार, आणि ती संपणार नव्हती.

वाचन आटोपलं, लोक पांगले. पौषातलं कोरडं ऊन अंगणात पडलेलं. सदू अंक गुंडाळून उठला आणि पाट उचलायला वाकला.

पाट ओला होता.

चारी कडा कोरड्या. मधोमध ओल, गोल आणि जड, ओल्या लुगड्याने कुणी बसून उठावं तशी. सदूने तांब्यात पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता. वर छपराकडे पाहिलं. दिवाळीपासून पावसाचा थेंब नव्हता, कौलं तापून तडतडत होती. मग त्याने मनाशी म्हटलं, काकीने धुतलेला पाट वाळवलाच नसेल, आणि पाट भिंतीला उभा करून तो टेसनावर गेला.

त्या संध्याकाळी सिग्नलच्या शिडीवर चढताना त्याला आठवलं की वाचायच्या आधी त्याने स्वतः त्या पाटावर हात फिरवून धूळ झटकली होती.

४

सदू देवभोळा नव्हता. मारुती येऊन बसतो हे त्याला वयाच्या दहाव्या वर्षापासून खरं वाटत नव्हतं. आता द्वारका येऊन बसते हे तो कसं मानणार? ती तर जन्मलीसुद्धा नव्हती. कुणा तरी माणसाने पुण्यात बसून तिला शाईतून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाट उन्हात दोन तास तापवला. मांडल्यावर भोवती चुलीतल्या राखेचं कडं काढलं. धोंडूबाईने विचारलं तर मुंग्यांसाठी म्हणाला. वाचून झाल्यावर पाहिलं तर कडं जसंच्या तसं होतं, बोटाएवढंही फुटलेलं नव्हतं. आतला पाट ओला होता, आणि पाटाच्या खालच्या सारवणावर काळा डाग पडला होता.

तिसऱ्या दिवशी त्याला आवाज ऐकू आला. टप. वाक्य संपवून त्याने श्वास घेतला तेव्हा. पुन्हा वाचायला लागला की आवाज नाही. थांबला की टप. त्याने मुद्दाम खोकल्याचं निमित्त करून मोठा थांबा घेतला. टप, टप, टप, सावकाश, केस पिळून झाल्यावर शेंड्यातून उरलेलं पाणी गळावं तसं. त्याने समोरच्या तोंडांकडे पाहिलं. चांगो तंबाखू मळत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. ऐकणारा माणूस गोष्टच ऐकतो. गोष्टीच्या मधली जागा वाचणाऱ्यालाच ऐकू येते, असं सदूने स्वतःला समजावलं. मग कुठं मागच्या घरात रांजण पाझरत असेल असंही समजावलं. त्या दिवशी तो न थांबता वाचत गेला आणि शेवटी त्याचा आवाज बसला.

मग धोंडूबाईने हट्ट धरला की द्वारकेच्या लग्नाचा भाग परत वाच. सदूला बरंच झालं, तेवढीच दुपार निघाली. त्याने खरा, छापलेला भाग वाचला. पाट कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी मंगळागौरीचा भाग वाचला, तोही छापलेलाच, तेव्हाही कोरडा. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या पावत्या काढल्या. ओला.

आता मात्र सदूला राग आला. भ्यायच्या ठिकाणी त्याला राग यायचा, ती त्याची जुनी खोड. आपण लिहिलेली द्वारका विहिरीला शिवलीही नाही. काठावरून उठवली, बाहेर काढली, बोरघाटाच्या रस्त्याला लावली. मग ओली कशाने? त्याने तिला भर उन्हात चालवलं. खंडाळ्याच्या कातळावर पाय भाजवले. खोपोलीच्या वर घाटात वणवा लावला आणि तिला त्याच्या कडेकडेने आणलं. लिहिताना त्याला स्वतःला घाम फुटला होता. वाचताना लोकांनी पदर तोंडाला लावले.

त्या दिवशी पाटावरचं पाणी कडेवरून ओघळून खाली आलं होतं, आणि त्याला शेवाळाचा वास होता.

कंदीलखोलीत बसून त्याने नीट विचार केला आणि त्याला एकच उत्तर मिळालं. पुण्यातल्या माणसाने बारावा अंक लिहून टाकला होता. कुठं तरी तो छापला गेला होता. त्यात द्वारका पाण्यात गेली होती, आणि ती रोज दुपारी तिथूनच येत होती.

हे उत्तर त्याला पटलं नाही. पण दुसरं सापडलंही नाही.

५

पाट रोज कोण पुसतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आठवडाभराने, लोक गेल्यावर तो तांब्या घ्यायला परत आला, तर जना वाकड्या हाताने पाट धरून दुसऱ्या हाताने फडक्याने पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कव्हापास्नं पुसतेस गं?"

"पैल्या दिसापास्नं."

"मंग बोलली नाईस ती?"

"काय बोलायचं, दादा? बा म्हनंल पोरगी येडी झाली, आनि मंग येडीला तर लगीच धाडून देतील." तिने फडकं पिळलं. अंगणाच्या मातीवर पाण्याची हिरवट धार पडली.

सदूने विचारलं, भीती नाही वाटत? जनाने जरा विचार केला. म्हणाली, घरात बाईमाणूस ओलं बसलेलं असलं तर भीती कसली, लाज वाटते. कुणी कोरडं लुगडं पुढं करत नाही म्हणून. मग ती पाट भिंतीला लावून त्याच्याशेजारीच टेकली आणि बोलली. सदूने तिला इतकं बोलताना दसऱ्यापासून ऐकलं नव्हतं.

"तुमी समदे भांडता, उडी टाकंल का मंबईला जाईल. ती मरायला नव्हती बसली, दादा. पळायला पन नाय. घरात धा मानसं. सांजच्याला सून परसात गेली, आजून आली नाय, तर एकानं तरी हाक मारावी का नाय? ती हाकंची वाट बघत बसली व्हती."

"तुला काय ठावं?"

"हात मोडला त्या सांजंला मी बी बसले व्हते हिरीवर. लई येळ. पार काळोख पडंस्तवर."

"मंग? मारली कुनी हाक?"

"नाय," जना म्हणाली. "मीच उठले. घागर भरायची व्हती."

त्याने अकरावा अंक उघडून शेवटचं पान पुन्हा वाचलं. शंभरदा वाचलेलं. कळशी मांडीवर होती. उडी टाकणारी बाई कळशी मांडीवर कशाला घेईल? आणि मागच्या दाराला कडी नाही, हे पुण्यातल्या माणसाने उगाच लिहिलं होतं का? दार ढकलून कुणीही बाहेर येऊ शकलं असतं. सहावीपर्यंत शिकून आपल्याला हे दिसलं नाही, आणि एका अक्षर न येणाऱ्या पोरीने ते दाराआडून, नुसतं ऐकून वाचलं होतं.

आपणही तिला हाक मारली नव्हती. उठवली, हाकलली, घाट उतरवला, वणव्यातून काढली. येसाजी जनाला गाडीत बसवायला निघाला होता, आणि आपण द्वारकेला.

६

माघ उजाडला तेव्हा जैतूचा धीर सुटला. एवढी लांबलेली पोथी त्याने जन्मात ऐकली नव्हती. कुणी तरी त्याला सांगितलं की शाळेच्या मास्तरांकडे हे मासिक टपालाने येतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एका दुपारी तो मास्तरांना बैलगाडीत घालूनच आला. मास्तरांच्या हातात अंक होता. बारावा.

पडवी गच्च भरलेली. सदूने मास्तरांना पाहिलं आणि त्याच्या तळहातांना जुन्या छड्या आठवल्या. मास्तरांनी त्याच्याकडून पावती अलगद काढून घेतली, उलटसुलट पाहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की येसाजी, तुमचा पुतण्या महिनाभर तुम्हांला स्वतःच्या थापा वाचून दाखवतो आहे. कादंबरी कधीच संपली. तिचा शेवट माझ्या हातात आहे.

दाराआड बांगडी वाजली. येसाजीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. "वाचा, मास्तर," तो म्हणाला. "समाप्ती करून टाका. उद्या गाडी जुपतो." जैतूने मिशीवरून हात फिरवला.

मास्तरांनी बसायला जागा पाहिली. घोंगडीवर कुणब्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं त्यांच्या जिवावर आलं. समोर पाट रिकामा होता.

"त्याच्याव नगं," धोंडूबाई म्हणाली. "त्यो द्वारकेचा."

मास्तर हसले. कल्पनेतल्या बाईला पाट लागत नाही, असं काहीसं म्हणाले आणि पाटावर मांडी घालून बसले. चष्मा लावला. वाचू लागले.

त्यांचं वाचन उत्तम होतं, ते सदूलाही नाकारता आलं नसतं. संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा सुटा. द्वारका काठावर बसली होती. उजेड जात होता. घरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

पानावर एक थेंब पडला.

मास्तरांनी तो बोटाने निपटला आणि वर कौलांकडे पाहिलं. पुढं वाचलं. दुसरा थेंब पडला, मग तिसरा. सदू त्यांच्या अगदी समोर होता. थेंब छपरातून येत नव्हते. ते मास्तरांच्या पगडीच्या जरा मागून येत होते, मागे कुणी उभं असावं आणि खांद्यावरून वाकून पानात पाहत असावं, इतक्या उंचीवरून. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला माणूस वाकतं तसं.

मास्तर वाचत राहिले. आता ते जरा घाईत होते. मागच्या लोकांनी पाय जवळ ओढून घेतले, कारण पाटाखालून पाणी येत होतं. सारवणावरून ते जैतूच्या पायापर्यंत पोचलं तेव्हा तो उभा राहिला.

"कळशी आधी बुडाली," मास्तरांनी वाचलं. "मग..."

मास्तरांच्या खांद्यावरून काहीतरी काळं, ओलं, लांब पानावर उतरलं. सदूने ते पाहिलं, एका श्वासापुरतं. मास्तरांचं डोकं पगडीखाली तुळतुळीत होतं. ती बट त्यांची असणं शक्य नव्हतं. तिच्या टोकाने पानावरची पुढची ओळ झाकली, आणि मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यातून शब्द येईना. गळ्यातून भरत्या कळशीसारखा आवाज आला, बुड, बुड, बुड.

सदूला काय करायचं ते कळलं. आयुष्यात त्याला एवढं स्वच्छ कधी कळलं नव्हतं. त्याने गोष्ट वाचायच्या आवाजात नाही, परसात गेलेल्या माणसाला घरातून घालतात त्या आवाजात हाक घातली.

"द्वारके. चल गं घरात, अंधार पडला."

बाहेर टळटळीत दुपार होती. टेसनाकडून, घाटासाठी मागून जोडलेल्या इंजिनाची शिट्टी आली आणि विरली. मग पडवीत आवाज झाला, पाण्यातून जड काहीतरी वर येताना होतो तो. तो सगळ्यांनी ऐकला. चांगोने नंतर कधी तो कबूल केला नाही, पण त्या दिवशी तंबाखूची चंची तिथंच टाकून तो घरी गेला होता.

मास्तर उठले. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं. त्यांनी अंक सदूच्या हातात दिला, म्हणजे त्याचा जो लगदा झाला होता तो. शेवटच्या पानावर एक अक्षर लागत नव्हतं.

"पुढचं तू वाच," ते म्हणाले. पाठ न आलेल्या पोराचा आवाज होता तो. "माझ्याच्याने होणार नाही."

येसाजीला काही दिसलं नव्हतं. पण त्याचे पाय घोट्यापर्यंत ओले होते आणि विहिरीचा वास त्याने ओळखला होता. हा माणूस लेकीच्या मोडक्या हाताने हलला नव्हता; पायाला पाणी लागल्यावर हलला. "समाप्ती नाय झाली," तो जैतूला म्हणाला. "जा तू. समाप्ती झाल्याबिगर पोरगी न्हेता येनार नाय."

जैतू गाडीकडे गेला तो पळतच. मास्तरांना त्याच्या मागून चालत जावं लागलं.

७

दुसऱ्या दिवशी कुणी ऐकायला आलं नाही. सदूला त्याचं काही वाटलं नाही. तो खुशीत होता. जैतू परत येणार नव्हता, चुलता खोलीतून बाहेर पडत नव्हता, आणि मास्तरांची छडी आपण एका हाकेने मोडली होती. दुपारी तो पडवीत एकटाच लिहायला बसला. आता चांगला शेवट लिहायचा, असं त्याने ठरवलं होतं. आता भ्यायचं कारण नव्हतं. समाप्ती झाली तरी जनाला न्यायची कुणाची छाती होती? द्वारकेला खोपोलीत एक बिऱ्हाड द्यायचं, दारात तुळस, हाताला काम, आणि खाली समाप्त. मग तिनेही निवांत जावं.

त्याने बिऱ्हाड लिहिलं. तुळस लिहिली. मग समाप्तमधला स काढला आणि टाक उचलला.

टप.

पडवीत पाट नव्हता. तो आत भिंतीला होता, कोरडा. त्याने सकाळीच पाहिला होता. तो कान देऊन बसला. टप, टप. घराच्या आत, चुलीच्या बाजूला. मग मागच्या दारापासून पडवीपर्यंत, पावलापावलाने, आणि प्रत्येक पावलाला थोडी थांबत.

दारात जना आली. तिच्या चांगल्या हातात पाट होता. तिने तो रोजच्या जागी समोर नाही मांडला. सदूच्या अगदी उजव्या हाताला, त्याच्या गुडघ्याला लागेल असा मांडला, आणि जुनं कोरडं लुगडं घडी घालून त्यावर ठेवलं.

"येवढा जवळ कशाला गं?" सदूने विचारलं. त्याचा आवाज नीट होता. फक्त त्याला मान वळवता येत नव्हती.

"लांबून ऐकू येत नाय तिला," जना म्हणाली. "कानात पानी गेलंय."

मग ती त्याच्या कागदाकडे पाहत राहिली. अक्षर येत नव्हतं तरी त्या एकट्या स वर तिची नजर थांबली. "संपवतोस व्हय, दादा?" ती म्हणाली. "हाक तूच मारलीस ना?"

उजव्या बाजूने गार ओल त्याच्या मांडीला लागली. सदूने स खोडला. तो थोडा डावीकडे सरकला, घरात आलेल्या बाईमाणसाला जागा करून देतात तसा, आणि लिहील ते वाक्य मोठ्याने म्हणत लिहायला लागला. पाणी गळायचं थांबलं.